दुष्काळ आणि धान्याची धारण

दख्खनच्या पठारावर पावसाने दगा दिला की शेतकऱ्याच्या घरावर दोन संकटे एकदम येतात. शेतात पिकत नाही, आणि जे बाजारातून आणायचे ते परवडत नाही. पहिले संकट सर्वांना दिसते, कारण करपलेले रान नजरेआड करता येत नाही. दुसरे हळूहळू चढते. पण इथल्या गेल्या चारशे वर्षांच्या दुष्काळांत माणसे मेली किंवा गाव सोडून गेली ती बहुतेक वेळा या दुसऱ्या संकटामुळे. धान्य कुठे ना कुठे होते. ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती.

या पठाराची पहिली अडचण सह्याद्रीची आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे पोचतो तो उरलासुरला पाऊस. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. नगर, सोलापूर, सांगलीचा पूर्वभाग, बीड, धाराशिव आणि पुणे जिल्ह्यातले बारामती, इंदापूर, दौंड हे तालुके या पर्जन्यछायेत येतात. इथे एकूण पावसापेक्षा तो केव्हा पडतो याला महत्त्व अधिक. मृगाचा पाऊस चुकला की बाजरीची पेरणी लांबते किंवा दुबार करावी लागते. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे कोरडी गेली की सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली शाळू ज्वारी पेरताच येत नाही. ज्वारी गेली म्हणजे भाकरी गेली आणि कडबाही गेला. माणूस आणि जनावर यांचे अन्न एकाच ताटावर येत असल्यामुळे या पिकाचे नुकसान दुप्पट होते.

बाजार मात्र पीक हाती येण्याची वाट पाहत नाही. जुन्या मराठीत धान्याच्या चालू भावाला धारण म्हणत, आणि भाव सांगायचा तो रुपयाला किती शेर किंवा किती पायल्या असा. भाद्रपदात आभाळ कोरडे राहिले की ही धारण लगेच चढू लागे. ज्याच्याकडे साठा आहे तो हात आखडता घेई, ज्याला पुढची काळजी आहे तो गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवी, आणि खळे होण्याआधीच रुपयाला मिळणारे शेर कमी होत. चढलेल्या भावाचा फायदा शेतकऱ्याला मिळत असेल असे दूरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात लहान शेतकरी धान्य विकतो ते सुगीला, सारा आणि देणी भागवण्यासाठी, आणि तेव्हा भाव पडलेले असतात. ज्येष्ठ-आषाढात त्याची कणगी रिकामी होते आणि तोच गिऱ्हाईक म्हणून वाण्याच्या दारात उभा राहतो. दुष्काळी वर्षात विकायला काही नसतेच, त्यामुळे तो वर्षभर गिऱ्हाईकच राहतो.

त्याच वेळी त्याच्याजवळ जे विकण्यासारखे असते त्याचा भाव कोसळतो. चारा संपला की आठवडी बाजारात बैलांची रांग लागते. सगळेच विकणारे, घेणारा कोणी नाही, म्हणून चांगली जोडी मातीमोल जाते. पाऊस पडल्यावर त्याच शेतकऱ्याला नांगरासाठी बैल हवे असतात आणि तेव्हा त्यांची किंमत कैक पटींनी वाढलेली असते. दागिने, भांडी, जमीन यांचीही हीच गत. मजुरीचीही तीच. खुरपणी, कापणी, मळणी नाही म्हणजे शेतमजुराला काम नाही, आणि काम शोधणारे हात वाढल्यामुळे मजुरी उतरते. धान्य वर, बाकी सारे खाली, अशा या दुहेरी कैचीत घर सापडते. सुतार, लोहार, चांभार, कोष्टी यांचे हाल तर शेतकऱ्याच्याही आधी सुरू होतात, कारण हात आखडला की लोक नवे जोडे, नवी लुगडी घेणे पहिल्यांदा बंद करतात.

मध्ययुगातल्या दुष्काळांच्या आठवणी लोकपरंपरेने जपल्या आहेत. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते. पंधराव्या शतकातला दामाजीपंताचा दुष्काळ मंगळवेढ्याच्या कथेमुळे घरोघर माहीत आहे. बहामनी सुलतानाच्या कोठारांचा अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी ती कोठारे भुकेल्यांसाठी उघडली आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, अशी ती कथा. चमत्काराचा भाग सोडला तरी त्या काळची व्यवस्था तिच्यात स्पष्ट दिसते. सारा धान्यरूपाने गोळा होत असे, ते धान्य सरकारच्या कोठारात असे, आणि दुष्काळात जगणे-मरणे ते कोठार उघडण्यावर अवलंबून असे.

गावाचीही स्वतःची कोठारे होती. काळ्या मातीच्या खाली मुरुमात खोल खड्डा खणून, आतून कडबा लावून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे, हे पेव. घरात कणग्या आणि भिंतीतली बळदे. पेवातली ज्वारी काही वर्षे टिके, म्हणून एका वर्षाचा तुटवडा घरच्या साठ्यावर निभावून नेता येई. बलुतेदारांना बलुते धान्यात मिळे. पीक कमी आले तर त्यांचा वाटाही कमी होई, पण बाजारातल्या धारणेशी त्यांचा संबंध थेट येत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. तिचे संरक्षण एका वर्षापुरते असे. सलग दोन-तीन वर्षे पाऊस गेला की पेवे रिकामी होत, आणि बाहेरून धान्य आणावे तर बैलाच्या पाठीवर आणावे लागे. वाटेत बैलांनाच चारापाणी नसे, त्यामुळे वंजाऱ्यांचे तांडेही थांबत.

१६३० ते १६३२ चा दुष्काळ असाच होता. गुजरातपासून दख्खनपर्यंतचा मुलूख त्यात होरपळला, आणि शहाजहानच्या फौजा तेव्हा निजामशाहीच्या मुलखात लढत असल्याने उरलेसुरले धान्यही छावण्यांनी ओढून नेले. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाची जी वर्णने लिहून ठेवली ती वाचवत नाहीत. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेला लंगर उघडले आणि साऱ्यात सूट दिली. सुरतेहून आग्र्याकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या ओस गावांची आणि रस्त्यावर पडलेल्या प्रेतांची नोंद केली. देहूला याच दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. घरात महाजनकी, वाणीपणाचा व्यवहार, तरी दिवाळे निघाले. दुष्काळात व्यापारी गबर होतो हे नेहमीच खरे नसते. मोठा साठेदार तरतो. उधारीवर चालणारा गावचा दुकानदार कुळांबरोबरच बुडतो, कारण त्याची येणी वसूल होत नाहीत. कर्जाची खते इंद्रायणीत सोडून देण्याची तुकोबांची जी गोष्ट सांगितली जाते तिच्यामागे हे वास्तव आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस १७९१-९२ मध्ये आणि नंतर १८०३-०४ मध्ये पुन्हा मोठे दुष्काळ पडले. दुसऱ्यात अवर्षणापेक्षा लष्करांचा वाटा मोठा होता. होळकर, शिंदे आणि पेंढारी यांच्या धाडींनी पुणे आणि नगरकडची उभी पिके लुटली गेली आणि बियाणेसुद्धा उरले नाही. पेशवाईत अशा वेळी साऱ्याला सूट किंवा तहकुबी देण्याची आणि बी-बैलांसाठी तगाई देण्याची पद्धत होती. ती किती उदारपणे पाळली जाई हे कारभाऱ्यावर अवलंबून असे, पण पीक बुडाले तर सारा मागायचा नाही हे तत्त्व मान्य होते.

१८१८ नंतर कंपनी सरकारने रयतवारी आणली आणि सरकार-रयत नात्याचा पायाच बदलला. सारा रोकड, ठरलेला, ठरलेल्या तारखांना. पीक कमी आले तरी आकडा तोच. १८२० आणि १८३० च्या दशकांत धान्याचे भाव पडले, तेव्हा एवढ्या स्वस्ताईनेच कुळे बुडाली. तितकाच रुपया उभा करायला आता अधिक धान्य विकावे लागे. इंदापूर तालुक्यात शेते ओस पडली. १८३६ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे नवी मोजणी करून आकारणी उतरवली आणि ती तीस वर्षांसाठी कायम केली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले, आणि युद्ध संपताच भाव गडगडले. तीस वर्षांची मुदत संपून नवी, चढी आकारणी आली ती नेमकी याच वेळी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जाची खते जाळली आणि दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. धारण उतरली तरी मरण, चढली तरी मरण, अशा अवस्थेला दख्खनचा शेतकरी पोचला असताना १८७६ उजाडले.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ आलाच नाही. सोलापूर, कलादगी, नगर, पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत रब्बी पेरलीच गेली नाही आणि धारण काही आठवड्यांत दुपटीच्या घरात गेली. या वेळी एक गोष्ट नवी होती, ती म्हणजे रेल्वे. १८६० मध्ये ती सोलापूरला पोचली होती. रेल्वेने बाहेरचे धान्य येईल आणि दुष्काळाची धार बोथट होईल, हा सरकारचा विश्वास होता. धान्य आले हे खरे. पण आगगाडी धान्य नेते ते भाव जिथे मिळतो तिथे. जिथे लोक उपाशी आहेत पण खिशात पैसा नाही, तिथे ते उतरले तरी व्यापाऱ्याच्या वखारीतच राहते. रेल्वेने आणखी एक केले. दूरच्या बाजारांचे भाव एकमेकांना बांधले गेले, त्यामुळे जिथे पीक बरे होते तिथेही धारण चढली. आणि गावचे ज्यादा धान्य सुगीलाच बाहेर जाऊ लागल्याने पेव भरून ठेवण्याची सवय मोडत चालली होती, तीही याच काळात.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याचे मत ठाम होते की सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालू नये, चढा भावच धान्याला ओढून आणील. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार थाटात भरला तेव्हा दख्खनमध्ये लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. देशातून गव्हाची निर्यात चालूच होती. लिटनने पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कापली. प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य येईल एवढे पैसे आणि वर किरकोळ भर. दिवसभर खडी फोडणाऱ्याला हे अन्न पुरणार नाही, असे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी सरकारला बजावले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार देऊन कामे सोडली. उपाशी माणसांनी पुकारलेला हा संप दुष्काळाच्या इतिहासात विरळा आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वेळी जे काम केले त्याचे मोल मोठे आहे. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने गावोगावची माहिती मिळवली आणि ती पत्रांच्या रूपाने सरकारपुढे मांडत राहिली. पिकाची स्थिती, भाव, गाव सोडून गेलेली माणसे, मेलेली जनावरे, असा तो तपशील होता. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून मुलांना जेवू घातले. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातली दैना नोंदवली आहे. वासुदेव बळवंत फडके यांनी हा दुष्काळ फिरून पाहिला आणि १८७९ मध्ये बंड उभारले. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे जाऊ नयेत म्हणून दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा झाला. ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने सुमारे ५५ लाख माणसे गेली असा अंदाज आहे.

दुष्काळी कामांतून काही कायमच्या गोष्टी उभ्या राहिल्या. दौंड-मनमाड रेल्वे ही दुष्काळी मजुरांनी बांधलेली, १८७८ मध्ये सुरू झालेली. नीरेच्या डाव्या कालव्याचे कामही याच दुष्काळात सुरू झाले. या पाण्यावर ज्वारी-बाजरी तरेल अशी कल्पना होती. पुढे ते पाणी उसाकडे वळले, कारण उसाला पैसा होता आणि कालव्याची पट्टी वसूल होण्यासाठी सरकारलाही असेच पीक हवे होते. दुष्काळात धान्य मिळावे म्हणून काढलेल्या कालव्यावर साखर पिकू लागली, ही या पठाराच्या शेतीतली मोठी चूक आहे आणि ती अजून दुरुस्त झालेली नाही.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने एक गोष्ट नेमकी पकडली. दुष्काळाचा पहिला घाव मजुरीवर बसतो, आणि काम देऊन हातात पैसा घातला तर माणूस जगतो. त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. धान्याची धारण एकाएकी चढणे, माणसे गाव सोडू लागणे, चोऱ्या वाढणे या खुणा दिसल्या की अधिकाऱ्याने हालचाल करावी आणि मजुरी धान्याच्या चालू भावाला जोडलेली असावी, असे त्यांत घातले होते. भाव चढला तर मजुरीही चढणार, हा यातला सर्वांत शहाणपणाचा भाग होता. पाळण्यात कंजूषपणा झाला, तरी तत्त्व कागदावर आले.

१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा ते कागद लोकांच्या हाती देण्याचे काम टिळकांनी केले. संहितेप्रमाणे काम मागणे हा तुमचा हक्क आहे, पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, असे 'केसरी' सांगत राहिला आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव हेच समजावत फिरले. सोलापूरच्या कोष्ट्यांची स्थिती त्या वर्षी फार वाईट होती. शेतकऱ्याने कापड घेणे बंद केले, माग थांबले, आणि धान्य तर महागच. माग चालू राहतील अशी मदत त्यांना मिळावी यासाठी टिळकांनी तिथल्या व्यापाऱ्यांबरोबर योजना आखली. पुण्यात दंगे होऊ नयेत म्हणून स्वस्त धान्याची दुकाने काढवली. सरकारने उत्तर दिले ते १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून. त्यातच प्लेग आला. तीनच वर्षांनी, संवत १९५६ मध्ये, छप्पन्नचा दुष्काळ पडला. त्यात जनावरे इतकी मेली की पुढे पाऊस पडूनही कित्येक शेते नांगराविना राहिली.

विसाव्या शतकात महागाईचे केंद्र गावातून शहराकडे सरकले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि मुंबईला अन्न पुरवण्यासाठी १९४३ मध्ये रेशनिंग सुरू करावे लागले. शहरातल्या माणसाला ठरावीक भावाने धान्य देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ही कल्पना तेव्हापासून रुजली. हे धान्य आणायचे कोठून, तर शेतकऱ्याकडून लेव्हीने, म्हणजे सक्तीच्या खरेदीने. १९६५-६६ च्या लागोपाठच्या अवर्षणात अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांवर देश चालला. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याबाबत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर म्हणाले, ते याच काळात. संकरित ज्वारी गावोगाव गेली. तिचा दाणा लोकांना फारसा रुचला नाही, पण पिकत होती.

त्यानंतर आला १९७२ चा दुष्काळ. आधीची दोन वर्षेही कमी पावसाची गेली होती. १९७२-७३ मध्ये राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या वर्षाच्या निम्म्यावर आले. आकडे पाहिले तर हा दुष्काळ १८७६ पेक्षा सौम्य म्हणता येणार नाही. तरीही त्यात भूकबळींची लाट आली नाही, आणि याचे कारण गावागावांत निघालेली कामे हे आहे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीची केंद्रे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी. ज्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती ती पाटील-देशमुखांच्या घरातलीही खडी फोडायला बसली. रेशनवर मिळणारी मिलो नावाची लाल ज्वारी आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी या दोन गोष्टी त्या पिढीच्या स्मरणात अजून आहेत. मिलो मुळात परदेशात जनावरांना घालतात हे लोकांना कळले होते आणि त्याचा सल त्यांच्या बोलण्यात येतो. पण हप्त्याची मजुरी हातात पडत होती, आणि खुल्या बाजारातली महाग ज्वारी थोडीतरी घेता येत होती. राज्याराज्यांमध्ये धान्याच्या खासगी वाहतुकीवर बंदी असल्याने महाराष्ट्रातले भाव शेजारच्या राज्यांपेक्षा चढे राहिले. मजुरीचा पैसा बाजारात नसता तर चोरून आलेले धान्यही गरिबाच्या घरापर्यंत पोचले नसते.

शहराने या दुष्काळाचा चटका महागाईच्या रूपाने सोसला. ज्वारी, गहू, तेल, साखर, रॉकेल, एकेक वस्तू बाजारातून नाहीशी होऊन काळ्या बाजारात दिसू लागली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणि थाळ्यांचे मोर्चे निघाले. १९७३ मध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला. गहू सरकारी खरेदीला न येता दडला आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यातच तेलसंकट आले आणि १९७४ मध्ये देशातल्या महागाईचा दर २५ टक्क्यांच्या पुढे गेला.

या दुष्काळाची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग आधी करून पाहिला होता. दुष्काळानंतर ती राज्यभर चालली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी शहराने पैसा द्यावा, हे न्याय्य होते. २००५ मध्ये देशासाठी असाच कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

बहात्तरनंतरच्या चाळीस वर्षांत भुकेचा प्रश्न बराचसा सुटला आणि पाण्याचा बिकट झाला. बहात्तरला धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते, आता धान्य आहे पण प्यायला पाणी नाही, असे मराठवाड्यातले म्हातारे २०१२-१३ च्या दुष्काळात सांगत होते. त्या वर्षी जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि चारा छावण्यांत लाखो जनावरे बांधली गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. रेशनवर २०२२ अखेरपर्यंत दोन रुपयांचा गहू आणि तीन रुपयांचा तांदूळ मिळत असल्याने उपासमार टळली, पण त्यामुळे ज्वारी मागे पडली. तिचा पेरा घटला, ती गव्हापेक्षा महाग झाली, आणि कडब्याची पेंढी दुर्मीळ झाली. आता दुष्काळात भाव चढतो तो डाळीचा, चाऱ्याचा, भाजीचा आणि टँकरच्या पाण्याचा.

तुरीचे उदाहरण यात शिकण्यासारखे आहे. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. ज्यांची तूर वाळून गेली होती त्या मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांना या भावाचा काही उपयोग नव्हता. सरकारने डाळ आयात केली, साठ्यांवर मर्यादा घातल्या, मोझांबिकशी अनेक वर्षांचा आयात करार केला. भाव पाहून शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये तूर भरपूर पेरली आणि पाऊसही चांगला झाला. देशातले उत्पादन आधीच्या वर्षीच्या २५-२६ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या घरात गेले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात तूर त्याच्या बरीच खाली गेली, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांबाहेर तुरीने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. महागाईत तूर शेतकऱ्याच्या हाती नव्हती आणि स्वस्ताईत ती फक्त त्याच्याच हाती होती. दुष्काळाचे नुकसान सुकाळात भरून निघते हा समज या एका पिकाने खोटा ठरवला.

२०२३ मध्ये हाच खेळ कांद्याच्या बाबतीत झाला. एल निनोच्या त्या वर्षी देशातला ऑगस्ट महिना शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला आणि महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. खरिपाचा कांदा कमी येणार हे दिसताच केंद्राने ऑगस्टमध्येच निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली आणि बाजार समित्यांतले भाव कोसळले. शहरातल्या ग्राहकाला दिलासा द्यायलाच हवा, त्यात गैर काही नाही. पण १८८० च्या आयोगाला दुष्काळात मजुरी धान्याच्या भावाला जोडावी लागते हे कळले होते. पीक कमी आलेल्या शेतकऱ्याला निदान भाव तरी जास्त मिळू द्यावा, नाहीतर तो पाडण्याची भरपाई द्यावी, एवढा विचार आजच्या धोरणात दिसत नाही. निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली. तोवर खरिपाचा आणि रांगडा कांदा, जो साठवून टिकत नाही, शेतकऱ्यांनी पडेल भावाने विकून टाकला होता.